जाळीचा डबा आणि कोठीत बसलेली मी

दुकानदाराने खुर्ची पुढे केली की मी आधी ती हलवून बघते. बीदरच्या त्या कॉम्प्युटरच्या दुकानातही हलवली. चारही पाय धड निघाले. तेव्हाच मनात म्हटलं, बाई, सांभाळून. इथं काहीतरी गडबड आहे.

सोबत नात होती. आमच्या हुलसूरच्या घरात बसून ती कॉम्प्युटरवर घरांचे नकाशे काढते आणि काम देणारे इंजिनियर हैदराबादला असतात. दोन उन्हाळे झाले, तिचा कॉम्प्युटर ऐन कामात गपकन बंद पडायचा. शेवटी इंजिनियरांनी फोनवर सांगितलं, आणखी एकदा काम अडलं तर इकडं ऑफिसात येऊन बसायचं, नाहीतर दुसरी माणसं आहेत. ती गेली तर घरात उरणार मी आणि माझा मुलगा. मुलगा जेवताना बोलत नाही, बाकीच्या वेळी जेवायची वाट बघतो. म्हणून ती नवा डबा आणायला निघाली तशी मीही बीदरला गेले. नातीला सांगितलं, मला गुडघ्याचं औषध आणायचंय.

"आतलं सामान चांगलंय आज्जी, डबाच कोंदट हाय," असं ती बसमध्ये म्हणाली होती. आतलं सगळं ज्या पत्र्याच्या डब्यात बसवतात त्याला ती कॅबिनेट म्हणते. तेवढं नवं घ्यायचं होतं.

दुकानदाराने दोन डबे समोर ठेवले. एक चारी बाजूंनी बंद, पुढे काळी काच, आत लाल-हिरवे दिवे. त्यातच एक कॉम्प्युटर चालू करून ठेवला होता, वरातीतल्या घोड्यासारखा. दुसऱ्याला रूपच नव्हतं. पुढून सगळी जाळी, पुरणाची चाळण उभी केल्यासारखी. आणि किंमत जाळीवाल्याचीच जास्त!

"भोकं पाडलेल्याचे पैसे जास्त? पत्रा तर कमीच लागला की त्याला!"

"अम्मा, त्यात हवा खेळती राहते."

"हवा खेळंल, अन् तुरीचं भुसकट काय बाहेर बसून बघंल व्हय?"

आमचं घर खळ्याच्या शेजारी. मळणीच्या रासा सुरू झाल्या की दुधावर साय यायच्या आधी धूळ येते. मी बंद डब्याला बोटाच्या पेरांनी ठोकून बघितलं, कडेवरून तळहात फिरवला. मग नातीला म्हटलं, "शेजारी तसलाच रिकामा हाय, त्यात मोबाइलची बॅटरी लाव."

"कामून?"

"काच सोडून कुठून उजेड बाहेर आला तर डबा खोटा."

नातीने कपाळाला हात लावला. पण ही परीक्षा मी उगाच शोधलेली नव्हती. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी आळंदच्या बाजारात मी धान्याची पत्र्याची कोठी अशीच पारखली होती. तेव्हाची मी म्हणजे अक्कल निम्मी आणि संशय दुप्पट. बाहेरून बघून माझं समाधान होईना. म्हणून लुगडं सावरून मी सरळ कोठीत उतरले आणि आतून ओरडले, "झाकण लावा!" आत उकिडवी बसून उजेडाचं एखादं भोक दिसतंय का ते शोधत राहिले. बाहेर गर्दी जमली. नवरा पानाच्या टपरीपाशी जाऊन असा उभा राहिला की जणू ह्या बाईला त्याने जन्मात पाहिलं नाही. भोक एकही सापडलं नाही. मी घामाने निथळत, जिंकल्यासारखी बाहेर आले. आत एवढा घाम का सुटला, हा प्रश्न मात्र त्या शहाणीला पडला नाही.

त्या वर्षी काढलेली ज्वारी अवकाळीत भिजली होती. अंगणात पसरली होती आणि सासूबाई म्हणत होत्या, अजून दोन दिवस ऊन लागू दे. मला वेगळाच वास आला. नणंद आलेली होती. दोन दिवसांत एक पोतं तिच्या गाडीत जाणार, अशी माझी खात्री. सासूबाई देवळात गेल्या तशी मी सगळी ज्वारी कोठीत भरली आणि झाकणाच्या फटी शेणामातीने लिंपून टाकल्या. नणंद रिकाम्या हाताने गेली. मला कोण आनंद!

महिन्याने झाकण फोडलं आणि आत हात घातला. ज्वारी तापली होती. तापाने फणफणलेल्या लेकराच्या पोटाला हात लावल्यासारखी. वास तर विचारूच नका, म्हशीनेही तोंड फिरवलं. मग मी काय केलं? आळंदला जाऊन कोठीवाल्याशी भांडले!

एवढ्यात दुकानदाराने आम्ही आणलेला जुना डबा उघडला. पंख्याच्या पात्यांवर धुळीचा थर, आणि त्यात गुंडाळलेला लाल दोरा. कापसाचे पुंजकेसुद्धा.

"अम्मा, ह्याच्यावर काय पांघरूण घालत होता का?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?" मी फाडकन विचारलं आणि नातीकडे बघितलं. ती छताकडे बघत होती.

कुणीच सांगितलं नव्हतं. जुन्या लुगड्यांची, आत कापूस घालून मी त्या डब्याला खोळ शिवली होती. आमच्याकडे मिक्सरला खोळ, टीव्हीला खोळ, मग ह्यानेच काय पाप केलं? नात ती काढून ठेवायची. कॉम्प्युटर चालू ठेवून ती जेवायला उठली की मी परत घालायचे. पाठीमागून घट्ट ओढून, नाडीसुद्धा बांधायचे. दोन उन्हाळे. आणि संशय कुणावर? विजेवर, इंजिनियरवर, शेजाऱ्यांच्या पिठाच्या गिरणीवर.

मी उठले आणि काचेच्या चालू डब्यावर तळहात ठेवला. हाताला ज्वारी आठवली.

तरी दुकानदाराचं इतक्यात खरं मानायला मी काही कालची नव्हते. तो आत सामान आणायला गेला तशी वाकून त्याच्या टेबलाखाली बघितलं. त्याचा स्वतःचा कॉम्प्युटर तिथे चालू होता. जाळीच्या डब्यात. हात लावला, गार.

"आज्जी, तिथं काय करायलीस?"

"हा स्वतः काय वापरतो ते बघायले." मी कंबर धरून उठले. "जाळीचा घे. अन् पोरी... ती खोळ मीच घालत होते."

"मला ठाऊक हाय. तुझ्यासारखी गाठ घरात दुसरं कोण मारतंय?"

"मग बोललीस कामून न्हाई?"

"बोलले असते तर खोळीला कुलूप घातलं असतंस."

जाळीच्या आत चुंबकाने चिकटणारी आणखी एक बारीक जाळी निघाली, धूळ अडवायला. ती आठ दिवसांनी धुवायची. ते काम मी मागून घेतलं.

चैत्रात शेजारी रास चालू होती, ऊन पत्रे वाजवत होतं, आणि नात एका तीन मजली घराचा नकाशा पाठवत होती. मी डब्यापाशी उभी. पंखे घुमत राहिले. "गेलं," ती म्हणाली. थोड्या वेळाने इंजिनियरांचा फोन आला, पुढची दोन कामं घरूनच करा. मी देवाला हात जोडले नाहीत, कारण हात डब्यावर होता.

"आज्जी, हात काढ की."

"धूळ बघायले," मी म्हणाले.

डबा कोमट होता. पण दुपार अजून सरायची होती, म्हणून मी चटई तिथेच अंथरली.