आखाजीला आलेले पाहुणे

सुरत पाहुण्यांना दाखवायचं खूळ नव्वदच्या दशकाच्या मध्यावर सुरू झालं. त्याआधी प्लेगच्या साथीच्या भीतीनं अर्धं शहर गाठोडी बांधून पळालं होतं. मग महापालिकेनं झाडू हातात घेतला आणि सुरत खरोखर स्वच्छ झाली; ते नाकारण्याइतका मी कृतघ्न नाही. पण घर सारवलं की कुणाला तरी बोलवावंसं वाटतंच. आमच्या भागातल्या कारखानदारांनी एक समिती काढली. काम एकच, बाहेरच्या मोठ्या कंपन्यांना पटवायचं, की बाबांनो, तुमचे कारखाने आमच्याकडे आणा. समितीनं चहा भरपूर प्यायला.

मी तेव्हा सुरतेच्या डिंडोली भागात राहायचो आणि एका शेठच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात मास्तर होतो. मास्तर म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करायचे आणि कारागिरांवर ओरडायचं. ओरडण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. शेठ समितीत होता, त्यामुळे एका बड्या कंपनीचे दोन साहेब येणार म्हटल्यावर त्यांना आमचाच कारखाना दाखवायचं ठरलं. दिवस कोणता? तर अखात्रीज, म्हणजे अक्षय्य तृतीया. त्या दिवशी गुजराती व्यापाऱ्याला मुहूर्त बघावा लागत नाही. ‘सारो दिवस छे,’ शेठ म्हणाला, आणि सगळ्या समितीनं माना डोलावल्या.

आता बोला! त्यांची अखात्रीज म्हणजे आमची, लूमवर राबणाऱ्या खानदेशी माणसांची, आखाजी. दिवाळीला खानदेशी माणूस एखादे वेळी सुरतेत राहील, आखाजीला नाही. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, पितरांच्या घागरी भरतात, आणि उधना स्टेशनवर भुसावळकडच्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते. शहर किती कष्टाळू आहे हे दाखवायला या शहाण्यांनी वर्षातला नेमका तोच दिवस काढला, जेव्हा कष्ट करणारे सगळे गावी असतात. दरसाल वैशाखात कारखाना ओस पडतो हे शेठला दिसायचं. का पडतो हे विचारायची त्याला कधी गरज वाटली नाही. उन्हानं पडत असेल, अशी त्याची समजूत होती.

चार दिवस आधी कारागीर पिशव्या भरायला लागले, तेव्हा त्याच्या डोक्यात उजेड पडला.

पिशवी माझीही भरलेली होती. त्या साली माघात माझे वडील गेले होते. माणूस गेल्यानंतरची पहिली आखाजी आमच्यात फार मोठी. मुलानं मातीची नवी घागर पाण्यानं भरायची, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं, वडिलांच्या नावानं एकाला जेवायला बसवायचं. गेलेल्या माणसाला ऐन उन्हाळ्यात पाणी मिळावं, एवढी साधी गोष्ट. मी एकुलता एक. आईनं गावाकडून येणाऱ्याजवळ निरोप धाडला होता, ‘भाऊ, तू येशी ना? घागर तुलेच भरनी शे.’

वडीलही सुरतेत लूमवरच राबले. दर आखाजीला त्यांचा शेठ म्हणायचा, गेलास तर परत येऊ नकोस. वडील खुशाल जायचे आणि परत आले की दुसरा शेठ शोधायचे.

माझा शेठ मात्र हुशार. दम दिला नाही, खांद्यावर हात ठेवला. ‘तारे रोकावुं पडशे, भाई.’ मी थांबलो, तर नव्या कंपनीत तो मला सुपरवायझर म्हणून लावून देणार होता. ओळखपत्र, फंड आणि पगारी रजा! पगारी रजा हा शब्द ऐकून मी विरघळलो. पुढे कधीतरी मिळणाऱ्या रजांसाठी मी वर्षातली एकुलती एक रजा सोडली. माझ्याइतका अक्कलवान माणूस त्या साली डिंडोलीत दुसरा नसेल.

आखाजीच्या सकाळी कारखान्याच्या फाटकाशी कुंड्या आल्या. कुठल्याशा लग्नमंडपातून आणलेल्या होत्या. एकीवर नवरानवरीचं नाव चिकटवलेलं होतं, ते मी नखानं खरवडून काढलं. कारागीर नव्हते, म्हणून शेठनं पर्वत पाटियाकडच्या साड्यांच्या दुकानांतले विक्रेते उचलून आणले आणि एकेका लूमपुढे उभे केले. इस्त्रीचे शर्ट, अत्तराचा वास! जन्मभर साड्या विकल्या, पण साडी बनते कशी हे एकानंही पाहिलं नव्हतं. मी लूम सुरू केले तेव्हा धोटा असा सुटला, की एक जण ‘ओ बाप रे’ म्हणून थेट भिंतीला जाऊन चिकटला. त्याला ओढून परत जागेवर आणला. मिनिटाला तार तुटत होती, आणि जोडणारा मी एकटा. इकडून तिकडे पळून जीव मेटाकुटीला आला.

साहेब आले. त्या उकाड्यात कोट! त्यांनी कुंड्यांचं कौतुक केलं, कारागिरांच्या टापटिपीचं कौतुक केलं. मग थोरल्या साहेबानं हिंदीत शेठला विचारलं, ‘इथले मजूर वरचेवर गावी पळतात असं ऐकलंय. खरं का?’

शेठनं मला हाक मारली. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, ‘साहब, इसका बाप मर गया. आज उसकी पहली पूजा है गाँव में. गया? नहीं गया. ऐसे लोग हैं हमारे सूरत में.’

साहेबानं माझ्याकडे पाहिलं. ‘सच बात है?’

शेठच्या मुस्काटात द्यावी, असं आज लिहिताना वाटतं. तेव्हा मी म्हणालो, ‘हाँ साब.’ वर हसलोही. साहेब खूश झाला आणि त्यानं वहीत काहीतरी टिपून घेतलं.

कंपनी काही आली नाही. तिनं कारखाना दुसऱ्याच राज्यात काढला. समितीला आभाराचं पत्र तेवढं आलं. शेठनं ते काचेत लावलं.

मी गावी पोचलो तेव्हा आखाजी होऊन दोन दिवस झाले होते. घागर चुलतभावानं भरली होती. आईनं मला जेवायला वाढलं, कारखान्याचं विचारलं, आणि शांतपणे म्हणाली, ‘तुना बाप येवढा साल सुरतमा राह्यना, पन एक बी शेठ त्याले आखाजीले रोकी शकना नही.’

मी खाली मान घालून जेवत राहिलो. साहेबाला काय उत्तर दिलं ते तिला सांगायची हिंमत झाली नाही, त्या दिवशीही नाही आणि ती जाईपर्यंतही नाही. कुंड्या खोट्या होत्या, कारागीर खोटे होते, सुपरवायझरची नोकरी खोटी होती. पाहुण्यांना दाखवलेली एकच गोष्ट खरी होती, बापाच्या घागरीला न गेलेला मी.