बंद टाकीतलं निळं वर्तुळ

आधीच सांगते, मला असले अनुभव वाचायलाही आवडत नाहीत. आमच्या घरात बुद्धवंदनेपलीकडे कशालाच थारा नव्हता. नजर, करणी, अंगात येणं... कुणी विषय काढला की बाबा उठून बाहेर जायचे. मी इंजिनीअर आहे, पिंपळे गुरवला राहते, कंपन्यांना फायबरग्लासच्या टाक्या बसवून देते. हे कुणाला घाबरवायला लिहीत नाहीये. डोकं फिरलंय म्हणून लिहितेय.

थोडं बाबांबद्दल. तळवड्याच्या एका वर्कशॉपमध्ये त्यांनी आयुष्यभर ह्याच टाक्या बनवल्या. टाकी तयार झाली की आत उतरून बोटाने ठोकत फिरायचे. कुठे खोट सापडली की आईच्या शिलाईच्या डब्यातल्या निळ्या खडूने तिच्याभोवती ताटाएवढं वर्तुळ काढायचे. पण पूर्ण नाही. खाली चार बोटं जागा सोडायची. दुरुस्ती झाली की करणाऱ्याने ती जोडायची. वर्तुळ जोडलं म्हणजे टाकी पास. ही त्यांची स्वतःची पद्धत, दुसऱ्या कुणाची मी पाहिली नाही.

दोन वर्षांपूर्वी भोसरीत मी एक टाकी पाण्याची टेस्ट न घेता पास केली. कंपनीवाले घाई आहे म्हणाले, मी सही केली. टाकी गळली आणि तिथल्या ऑपरेटरचा पाय ॲसिडने भाजला. घरी आले तर बाबा एवढंच म्हणाले, "सही करताना हात नाही थांबला?" त्यानंतर ते माझ्याशी कामाचं एक अक्षर बोलले नाहीत. जेवताना मीठ मागायचे, तेवढंच. आठ महिन्यांनी ते गेले.

आता मूळ गोष्ट. गेल्या हिवाळ्यात चाकणच्या एका कंपनीत दहा हजार लिटरची ॲसिडची टाकी बसवत होतो. गुरुवारी क्रेन आली. साखळी नको, पट्टे लावा... टाकी लोळवू नका, फरपटत नेऊ नका... ओटा झाडून घ्या, खाली एक खडा राहिला तरी तळाला तडा जातो... घसा बसेपर्यंत ओरडले. टाकी नीट बसली. आत उतरून टॉर्चने इंच न इंच बघितला, फोटो काढले. सगळं साफ होतं. मग मॅनहोलचं, म्हणजे आत जायच्या एकमेव वाटेचं, झाकण लावून वीस बोल्ट आवळले आणि प्रत्येक नटावरून झाकणापर्यंत पिवळ्या मार्करने रेघ ओढली. नट जरासा फिरला तरी रेघ तुटलेली दिसते.

शुक्रवारी चाकण चौकात दीड तास अडकले. पोचले तर प्लांट मॅनेजर फाइल घेऊन उभाच.

"मॅडम, सही करा. ॲसिडचा टँकर गेटवर आलाय."

"पाणी कुठाय? चोवीस तास पाणी भरून ठेवायचं ठरलं होतं."

"पाण्याचा टँकर आलाच नाही. नवी टाकी आहे, तिला काय होतंय? सकाळी पूजा पण झाली."

खोटं कशाला बोलू, मी पेन उघडलं होतं. सारखं कुणाकुणाशी भांडायचं, आणि वर बाई लई कटकटी आहे म्हणून ऐकून घ्यायचं! दमले होते. तेवढ्यात टाकीकडे नजर गेली. खांद्याच्या उंचीवर ओला डाग. खाली करवंटीचा तुकडा.

नारळ टाकीवरच फोडला होता.

पूजेला माझी ना नाही. पण फोडायला अख्खी फरशी पडली होती ना. फायबरग्लासला बाहेरून दणका बसला तर बाहेर काहीच दिसत नाही, तडा आतल्या बाजूला जातो. आणि ॲसिड आतच असतं. पिढ्यान्‌पिढ्या लोखंडी मशीनवर नारळ फोडले, तसाच हिच्यावरही. आणि फोडणारे खुद्द मालक, म्हणजे मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण?

मी पेन बंद केलं. "झाकण काढा."

सोपानमामा आमचा जुना फिटर, चाकणजवळच्याच गावचा. त्याने एकेक बोल्ट निरखला. "मॅडम, रेघा हायेत तशाच हायेत. कुणी हात लावल्याला न्हाई." मग बोल्ट काढले, पंखा लावून हवा खेळवली, हवा तपासली आणि मामाला तोंडाशी उभं करून मी आत गेले.

तडा होता. बरोबर नारळाच्या जागी, कोळ्याच्या जाळ्यासारखा पसरलेला.

आणि त्याच्याभोवती निळ्या खडूचं वर्तुळ. ताटाएवढं. खाली चार बोटं सुटलेलं.

मी तिथेच खाली बसले. मामाने डोकं आत घातलं. "मॅडम, ह्ये कुणी काढलं वं?"

"तुम्ही नाही?"

"आमी कुठं आत आलो? तुमच्याम्होरंच तर उघडलं."

मॅनेजरने माझ्यावरच आळ घेतला, ॲसिड भरणं थांबवायला वर्तुळ मीच काढलं म्हणून. मी सगळ्यांसमोर खिसे उलटे केले. म्हटलं, बरं, वर्तुळ मी काढलं असं धरू. मग तडापण मीच खडूने काढला का? त्याने फाइल मिटली. ॲसिडचा टँकर परत गेला.

तडा घासून नवे थर चढवले, ते पूर्ण वाळू दिले. मग आईच्या डब्यातला खडू घेऊन मी आत गेले आणि ती चार बोटं जोडली. रेघ वाकडी आली. नंतर पाणी भरलं, चोवीस तास थेंब गळला नाही. तेव्हा सही केली.

गुरुवारच्या फोटोत त्या जागी काहीच नाही, शुक्रवारच्या फोटोत वर्तुळ आहे. नटांवरच्या पिवळ्या रेघा शाबूत होत्या. कुणाकडे उत्तर असेल तर द्या, फक्त मला 'ऊर्जा' वगैरे सांगू नका. भूत मी आजही मानत नाही. लोक म्हणतात, बापाने वाचवलं, नशीबवान आहेस. मला मात्र नुसता संताप येतो.

बाबा, बंद टाकीत शिरून सांगता येत होतं, तर आठ महिने समोर बसून नुसतं मीठ का मागत होतात?