मध्यंतराच्या दोन मिनिटं आधी

"काका, तीनच हायेत. परत पाठवतो त्यांना," मॅनेजर दिनेश इंटरकॉमवर म्हणाला.

बाराच्या शोला दहा मिनिटं होती. खोपोलीतल्या आमच्या जुन्या थिएटरचा नियम साधा आहे. पाचापेक्षा कमी तिकिटं गेली तर शो रद्द.

"दोन माझ्या नावावर फाड," मी म्हणालो.

"तुमी काय करणार तिकिटं घेऊन? रोज बघताय की वरून."

हा लोकांचा जुना गैरसमज आहे. मी एकतीस वर्षं ऑपरेटर आहे, म्हणजे प्रोजेक्टर चालवणारा माणूस. ऑपरेटर सिनेमा बघत नाही, तो फोकस आणि आवाज बघतो. केबिनच्या भिंतीला वीतभर काच, मागे पंख्यांची घरघर. खाली लोक हसले की वरून फक्त त्यांच्या माना हलताना दिसतात.

त्या आठवड्यात एक हिंदी सिनेमा लागला होता. चार वेगवेगळ्या गोष्टी, एकीत दुसरीचे पाय अडकलेले. एक विमा एजंट, एक हवालदार, एक लग्नाचा कॅटरर आणि एक पत्ते खेळणारी खट आजी. मध्यंतराला आजी पत्ते खेळताखेळता मरते. पुढे गडबडीत तिचं प्रेत कॅटररच्या फ्रीजरमध्ये, रबडीच्या पातेल्याशेजारी जाऊन बसतं, आणि चौघांच्या गोष्टी त्या फ्रीजरपाशी येऊन आदळतात. लोकांच्या हे डोक्यावरून गेलं. मी मात्र केबिनमध्ये एकटाच हसत होतो.

त्याला कारण होतं. वर्षापूर्वी माझी बायको शालिनी गेली. तिला घेऊन निघालो तर शववाहिका शिळफाट्यावर बंद पडली. सगळे पाहुणे, धोतरातले भटजीसुद्धा, ती ढकलायला लागले, आणि मागचा बसवाला हॉर्न मारून साइड मागत होता. मला हसू फुटत होतं. ते समजलं असतं असा एकच माणूस होता, आणि तो आत झोपला होता. तेव्हापासून मी कोणाबरोबर हसलोच नव्हतो. हा सिनेमा एकदा खाली माणसांत बसून बघायचा, एवढीच माझी इच्छा होती. डिजिटल सिनेमाला एक की असते, म्हणजे वेळेचं कुलूप. या सिनेमाची की त्याच दुपारी चारला संपणार होती. म्हणजे हाच शेवटचा शो.

दिनेशने तिकिटं फाडली. मी शो चालू केला आणि खाली गेलो. शो चालू असताना केबिन सोडायची नाही, हा दुसरा नियम. तो मी मोडला.

हॉलमध्ये पॅकिंग कंपनीतल्या दोन बायका होत्या, सुट्टी म्हणून आलेल्या. आणि खालापूरकडचे एक टोपीवाले बाबा. त्यांची बस तीनला होती. मी बाबांच्या शेजारी बसलो.

पडद्यावर पहिलंच दृश्य आलं ते फ्रीजरचं.

पूर्वी रीळं असायची. आता सिनेमाच्या दोन फाइली येतात, मध्यंतराच्या आधीची आणि नंतरची. त्या कोणत्या क्रमाने चालायच्या त्या यादीला प्लेलिस्ट म्हणतात. सकाळी जाहिराती बदलल्या म्हणून मी ती नव्याने लावली होती. हात वर होते, डोकं खाली हॉलमध्ये होतं. दुसरा भाग आधी लागला होता.

"हे मढं कोनाचं हाय?" बाबांनी विचारलं.

"कळेल पुढं," मी म्हणालो.

उठून थांबवायला हवं होतं. तेवढ्यात कॅटररने रबडीऐवजी आजीचा हात ओढला आणि बाबा फसकन हसले. मागे बायकाही हसल्या. मीही हसलो, पार डोळ्यांत पाणी येईपर्यंत. बाबांनी माझ्या मांडीवर थाप मारली. वर्षभरानंतर कोणीतरी माझ्या हसण्याला साथ दिली होती. मी उठलो नाही.

शेवटची नावं दिसायच्या आत मी वर जाऊन हॉलचे दिवे लावले. मध्यंतरात समोसा खाताना एक बाई म्हणाली, "काका, म्हातारी मेली कशी, ते दाखवलंच नाय."

"आता दाखवतील."

खरं सांगणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. शिवाय मला आजी बघायची होती. वर जाऊन पहिला भाग लावला आणि या वेळी केबिनमध्येच थांबलो.

आजी जिवंत होऊन आली. पत्त्यांत लबाडी करत होती, हवालदाराला शिव्या घालत होती. त्याच फ्रीजरमधून तिने चोरून कुल्फी काढली, तेव्हा खालून बाईचा आवाज काचेतून वर आला, "अगं, नको गं जाऊ तिथं!" एवढ्या शोंमध्ये त्या जागी कोणी हसलं नव्हतं, गलबललं तर नव्हतंच. मी काचेला कपाळ लावून बघत होतो.

शेवट मला पाठ होता. आजीच्या हाती चांगली पानं येतात, ती डोळे बारीक करते, मग मान टाकते, मग पडद्यावर 'मध्यंतर'. ती पाटी आली असती तर माझं बिंग फुटलं असतं. पण खोटं कशाला बोलू, पाटीची मला फिकीर नव्हती. मला ती परत मरायला नको होती. तिने डोळे बारीक केले आणि मी स्टॉप दाबला. हॉलचे दिवे हळूहळू वाढवले.

बाबा दारात भेटले. "म्हातारी वाचली म्हनायची."

"वाचली, बाबा."

"मग ते फ्रीजरमधलं काय?" बाईने विचारलं.

"ते आपलं भ्या दाखवलं असंल," बाबा म्हणाले आणि बस गाठायला निघाले.

सिनेमा चालवणारा केबिनमधला सर्व्हर सगळं नोंदवून ठेवतो. आठवड्याने वितरकाचं पत्र आलं. दिनेशने माझ्याकडून लेखी खुलासा घेतला: 'ऑपरेटरची चूक. प्लेलिस्ट तपासली नाही.' शो दोन मिनिटं आधी का थांबवला, या रकान्यात मी 'तांत्रिक कारण' लिहिलं. ताकीद मिळाली. तेव्हापासून मी प्लेलिस्ट दोनदा वाचतो, तुम्हीही वाचा.

त्या दिवशी घरी आलो तेव्हा ही गोष्ट कधी एकदा शालिनीला सांगतो असं झालं होतं. कुलूप काढेपर्यंत तसं वाटत राहिलं.