लिबाची अंगाई

बाहेर बर्फावर निस्तेज ऊन पसरलेलं असायचं आणि भिंतीपलीकडून एका थकलेल्या, किंचित कापऱ्या स्वरात रोज एकच धून ऐकू यायची. पती गेल्यानंतर, कॅनडातल्या विनिपेगच्या त्या दीर्घ हिवाळ्यात, माझ्या घरात येणारा तेवढाच माणसाचा आवाज! मुलगा कॅल्गरीला, त्याचा रविवारचा फोन सोडला तर माझी मराठी माझ्यापाशीच मुकी राहायची. एकाकी मनाला स्वरांचीच तहान अधिक लागते का? एके दुपारी मी व्हायोलिन काढलं आणि तीच धून वाजवली. ती संपते न संपते तोच दार वाजलं.

शेजारची वृद्ध हॅना उभी होती, डोळे भरलेले. "ही माझ्या वडिलांची अंगाई," ती म्हणाली. "माझ्या धाकट्या बहिणीसाठी, लिबासाठी, तिचं नाव गुंफून रचलेली. नाझींच्या छळछावणीतून मी एकटीच परतले. लिबाला थडगंसुद्धा नाही गं, सुधा."

त्याच सुमारास जवळच्या शाळेत कुणीतरी बाकावर नाझींचं स्वस्तिक कोरलं. माझ्या देव्हाऱ्यातल्या मंगल चिन्हाचं ते विद्रूप रूप! शिक्षिकेनं हॅनाला बोलावलं. "भाषण मला जमायचं नाही," ती मला म्हणाली. "तू वाजव, मी गाईन."

शिक्षिकेनं तिची हकिकत थोडक्यात सांगितली आणि देशोदेशींहून आलेल्या मुलांनी भरलेल्या त्या वर्गात ती गायली. गाणं संपल्यावर एका मुलीनं विचारलं, "तुम्हाला त्या लोकांचा द्वेष नाही वाटत?"

"पुष्कळ वर्षं केला," हॅना म्हणाली. "त्या वर्षांत मला हे गाणंच आठवेनासं झालं होतं."

मग ती मुलगी हळूच म्हणाली, "आम्हाला शिकवाल?"

आणि सगळा वर्ग लिबाचं नाव गाऊ लागला. ते चिन्ह कुणी कोरलं, हे कधीच कळलं नाही. पण त्या समूहस्वरात तोही एक कंठ असेलच ना!

पुढच्या वसंतात हॅना गेली. आता त्या शाळेत ती अंगाई शिकवायला मी एकटीच जाते. येताना बसमध्ये शेजारची जागा रिकामी असते. रक्ताचं नातं नसलेल्या माणसाचंही दुःख आपल्याकडे वारशानं येतं, हे मला या परदेशात उमगलं. लिबाला पाहिलेलं आता जगात कुणीही उरलेलं नाही. तरी परवा एका मुलीनं विचारलं, "लिबा दिसायची कशी?"

"ठाऊक नाही, बाळ," मी म्हणाले. "पण या गाण्यानं तिला झोप लागायची."