बारा मंजुऱ्या, तेरावा वाटा

ती घटना आठवली की आजही मला आधी स्वतःचा राग येतो, इतरांचा नंतर. निवृत्तीला दोन वर्षे उरली होती. मालवण आणि देवगड यांच्या मधल्या किनाऱ्यावरच्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी अधिकारी होतो. नावे कोणाचीच लिहीत नाही. गाव लहान आहे.

एका सोमवारी टपालातून निनावी अर्ज आला. ठाणे अंमलदाराने आवक शिक्का मारला, नोंदवहीत क्रमांक टाकला आणि कागद माझ्या टेबलावर ठेवला. रेघी कागद, निळी शाई. मजकूर थोडक्यात असा: गावातल्या डॉक्टरांच्या हॉस्पिटलात सरकारी विम्यावर म्हाताऱ्या माणसांचे डायलिसिस होते. दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी दोन नंबरच्या मशीनवर कार्ड एकाचे असते आणि रक्त दुसऱ्याचे. खाली बारा कार्डधारकांची नावे, आणि शेवटी ‘साहेबांनी स्वतः येऊन बघावे.’

असे निनावी अर्ज आठवड्याला दोन-तीन येतात. बांधावरून, फणसाच्या झाडावरून, सुनेवरून. बहुतेक फाइलला लागतात. हा मी लागू दिला नाही, कारण त्यात डॉक्टर होता.

तो आणि मी देवगडच्या शाळेत पाचवी ते दहावी एका बाकावर बसलो. सहा वर्षांत वार्षिक-सहामाही धरून बारा परीक्षा झाल्या. बाराही वेळा तो पहिला आणि मी दुसरा. दहावीला अकरा गुणांचा फरक होता. पुढे तो डॉक्टर होऊन परत आला, मी फौजदार होऊन चार जिल्हे फिरलो. आमच्या अकरा कलमांची पहिली आंब्याची पेटी आई दर वर्षी त्याच्याकडे पाठवायची. “तेच्या हाताक गुण आसा,” असे वर मलाच ऐकवायची. तो बाजारात आला की लोक सरकून त्याला बाकावर जागा देत. मी आलो की उठून उभे राहत. या दोन गोष्टींतला फरक मला चांगला कळत होता.

तो अर्ज वाचून मला जे वाटले त्याला मी तेव्हा कर्तव्य म्हटले. खरे तर मला आनंद झाला होता. ओळखीच्या माणसाविरुद्ध तक्रार आली तर वरिष्ठांना कळवून चौकशी दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यावी लागते. मी कळवले नाही. स्टेशन डायरीत ‘प्राथमिक चौकशीकामी रवाना’ एवढेच लिहिले आणि मंगळवारी सकाळी साध्या कपड्यांत हवालदाराला घेऊन निघालो. हवालदार बावीस वर्षे नोकरी झालेला, मासेमारी करणाऱ्या घरातला.

हॉस्पिटलच्या पडवीत एक म्हातारी रिकाम्या टोपलीला टेकून बसली होती. मासे विकणारी; सगळा बाजार तिला काकी म्हणतो. आत नोंदवही मागितली. आठ वाजून पाच मिनिटांनी काकीच्या अंगठ्याची आणि फोटोची नोंद होती. मशीन क्रमांक दोन. तिथे जाऊन पाहिले तर पलंगावर दुसरीच बाई होती.

गावातल्या चर्चच्या शाळेत पस्तीस वर्षे शिकवलेली, शहात्तर वर्षांची ख्रिस्ती बाई. तिला सगळे टीचर म्हणत. मी ओळखपत्र दाखवले तेव्हा तिने चष्मा सारखा केला.

“बसा इन्स्पेक्टर,” ती म्हणाली. “मी पळून जाणार नाही. दोन सुया टोचल्यात.”

हवालदार हसला. मी हसलो नाही. पंच बोलावून पंचनामा केला आणि डॉक्टरच्या खोलीत गेलो.

“ये रे,” तो म्हणाला. “ह्यो दिवस कधीतरी येतलो, म्हायत होता. तू येशीत असा मात्र वाटाक नाय.”

“नोंदवहीतल्या सह्या तुझ्या?”

“सगळ्यो माझ्योच.”

मग तो शुद्ध मराठीत बोलू लागला, जबाब देत असल्यासारखा. सरकारने विम्यातला डायलिसिसचा दर कमी केला होता. आधीच्या दरात त्याची चारही मशीन विम्यावर चालत. नव्या दरात फिल्टर, पाणी आणि टेक्निशियनचा पगार भागत नव्हता, आणि बिल मंजूर व्हायला सहा-सात महिने लागत. आजूबाजूच्या दोन हॉस्पिटलांनी विम्याची पाटीच उतरवली. याने दोन मशीन रोख पैसे देणाऱ्यांना दिली आणि त्यांच्या जोरावर उरलेली दोन विम्यावर चालू ठेवली.

मी वहीत आकडा मांडला. दोन मशीन, रोज दोन पाळ्या, सहा दिवस: आठवड्याला चोवीस पाळ्या. माणशी दोन, म्हणजे बारा माणसे. आधी चोवीस होती. बारा गळली.

“कोण ठेवायचे ते कसे ठरवलेस?”

“नोंदणीच्या क्रमाने. तेरावा नंबर टीचरचा होता.”

मंजुरी ज्याच्या त्याच्या नावावर येते, ती दुसऱ्याला देता येत नाही, हे त्याला माझ्याइतकेच ठाऊक होते. मी तेच विचारले.

“ते बारा जण मिळून माझ्याकडे आले,” तो म्हणाला. “टीचरला धाप लागत होती. आता विम्यावरचे डायलिसिस घाटापलीकडे कोल्हापूरलाच होते, आणि तिथवर जाण्याइतकी ताकद तिच्यात नव्हती. मी नाही म्हणायला हवे होते. म्हटले नाही. तुका लिवचा तां लिव.”

त्याच्या आवाजात भीती शोधण्याचा मी प्रयत्न केला. सापडली नाही, त्याने मी आणखी चिडलो. त्याला हेही माहीत होते, आणि मलाही, की गुन्हा दाखल झाला किंवा प्रतिकूल अहवाल गेला तर विम्याची मान्यता जाईल आणि त्या दोन मशीनवर जगणारी तेरा म्हातारी माणसे रस्त्यावर येतील.

बायकांना आणि वयस्कर माणसांना जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही. म्हणून महिला शिपायाला घेऊन मी काकीच्या घरी गेलो. माझा तर्क पक्का होता. कार्ड कोणी फुकट वापरू देत नाही.

“काकी, टीचरकडून किती पैसे घेतले?”

तिने महिला शिपायाकडे पाहिले. “गो बाय, तुज्या सायबाक उन लागला काय गो?”

मी प्रश्न पुन्हा विचारला.

“पैशे कसले? रापणीत वाटो कसो घालतत, तां तुमका म्हायत आसा मां?”

मला माहीत होते. रापण म्हणजे सगळ्या वाडीने मिळून किनाऱ्यावर ओढायचे लांबलचक जाळे. जो दोरीला हात लावतो त्याला मासळीत वाटा मिळतो.

“म्हातारो झालो, ओढूक होना नाय, नुसतो हात लावन उभो ऱ्हवलो, तरी तेका वाटो,” काकी म्हणाली. “टीचरान माझ्या तिनय पोरांका घरात बसवन शिकयल्यान. एक पैसो घेवक नाय. ती काय दोरी नाय? आमी बारा जणांनी ठरयला. मशीनीतलो एक वाटो टीचरचो.”

टीचरला आठवड्याला दोन पाळ्या लागतात. बारा माणसे. म्हणजे प्रत्येकाने सहा आठवड्यांतून एक पाळी सोडायची. हे गणित तिने बोटांवर करून दाखवले. मी नंतर कागदावर तपासले, बरोबर होते.

“आणि तुमची पाळी चुकते तेव्हा?”

“दोन दीस पाणी कमी पितंय. पाय सुजतत. मगे उतारतत.”

बाकी अकरा जणांचे जबाब पुढच्या दोन दिवसांत झाले. अकराही जणांनी तेच सांगितले. एकाने पाळी सोडताना बायकोशी भांडण झाल्याचेही सांगितले. पैशाचा व्यवहार कुठेच निघाला नाही. संध्याकाळी घरी येताना मी मनात मोजत होतो, की मी आजारी पडलो तर माझ्यासाठी पाळी सोडणारी माणसे किती निघतील. चारापुढे गेलो नाही.

अर्ज कोणी केला हे अजून कळले नव्हते. ते हवालदाराला सापडले. शुक्रवारी तो अर्ज आणि हॉस्पिटलची नोंदवही शेजारी ठेवून बसला होता.

“सायब, ही बारा नावां रजिस्टराच्या क्रमान नाय. वयाच्या नाय, घरांच्याय नाय.”

“मग कशाच्या?”

“ही वाट्याची हाक आसा. किनाऱ्यार वाटे घालताना ह्याच क्रमान घरां हाकारतत. पयलो जाळीवालो, मगे होडयेवालो, मगे खालची वाडी. लिवणाऱ्याचो हात आपसूक तसोच गेलो.”

ती हाक गावात एकच माणूस देत असे. रापणीचा तांडेल, म्हणजे म्होरक्या. वय बहात्तर. हॉस्पिटलची जुनी यादी पाहिली. चौदावा नंबर त्याच्या बायकोचा होता. आठवड्यातून दोनदा पहाटे तिला भाड्याच्या गाडीत घालून तळेऱ्यावरून घाट चढून तो कोल्हापूरला नेत होता.

आम्ही गेलो तेव्हा तो अंगणात जाळे सांधत होता. मी अर्ज पुढे धरला. त्याने वाचण्याचे सोंग केले नाही.

“माझोच आसा,” तो म्हणाला. “चाळीस वर्सां वाटे घातलंय, सायब. एकाक जास्ती नाय, एकाक कमी नाय. आमची वेळ इली तेवा तेराव्याक वाटो, चवदाव्याक नाय. ती शिकलेली, टीचर. माझी बायल कोण? जाळी शिवणारी.”

“काकीला विचारलेत?”

“मी कित्याक इचारू? वाटो इचारून घेतत काय?”

एवढ्यात त्याची बायको पाणी घेऊन बाहेर आली. पाय सुजलेले, चालणे सावकाश. आमचे बोलणे तिने ऐकले नसावे. “तुमी हॉस्पिटलातसून इलास काय? टीचर बरी आसा मां? तिका सांगा, मी इचारलंय,” ती म्हणाली आणि भिंतीला धरत परत आत गेली.

तांडेलाने सुई जाळ्यात खोवून ठेवली. मग म्हणाला, “तो कागद माका परत देवा.”

“आवक क्रमांक पडला की अर्ज परत देता येत नाही.”

हे खरे होते. त्या आठवड्यात मला नियम फार जवळचे वाटत होते. ज्या नियमाने ही चौकशी मुळात माझ्याकडे राहायला नको होती तो सोडून सगळे.

रविवारी घरी बसून मी अहवाल लिहिला. सात पाने. पंचनामा, बारा जबाब, नोंदवहीच्या नकला, कोणत्या तारखेला कोणाच्या कार्डावर कोण. वेळा मिनिटांसकट. एकही शब्द खोटा नव्हता. अहवालाच्या शेवटी अभिप्राय लिहायचा असतो. अशा प्रकरणात आम्ही सहसा एक वाक्य लिहितो: ‘यात कोणाचाही आर्थिक लाभाचा हेतू दिसून आला नाही.’ किरकोळ जुगाराच्या प्रकरणांतसुद्धा मी असले वाक्य दयेने लिहिले आहे. इथे तर ते सत्य होते, आणि बारा जबाबांनी सिद्ध झालेले होते. पेन हातात धरून मी बसलो. डॉक्टरचा ‘तुका लिवचा तां लिव’ आठवला. मी ते वाक्य लिहिले नाही. खाली सही केली.

माझ्या वरच्या साहेबांनी अहवाल जसाच्या तसा पुढे पाठवला. सात पानांत बारा जणांचे जबाब कोण वाचतो? सगळे अभिप्राय वाचतात. गुन्हा दाखल झाला नाही, पण हॉस्पिटलची विम्याची मान्यता चार महिने थांबवली गेली.

डॉक्टरचे त्यात फारसे बिघडले नाही. ती दोन मशीनही रोखीवर गेली आणि पूर्ण पैसे देणारे पेशंट त्याला मिळाले. ज्याला लागावे म्हणून मी एवढी पाने लिहिली त्याला ते लागलेच नाही. लागले ते तेरा म्हाताऱ्यांना. दोन गाड्या ठरवून ते पहाटे कोल्हापूरला निघू लागले. तांडेल आपल्या बायकोला घेऊन त्यांच्यातच बसत असे. टीचर चार वेळा गेली. पाचव्या वेळी गाडी दारात आली तेव्हा तिने हात हलवून पुढे जायला सांगितले. त्यानंतर ती अकरा दिवस जगली.

दफनविधीला मी गणवेशाशिवाय गेलो. काकी आली होती, तांडेल आला होता. माझ्याशी कोणी वाईट बोलले नाही. बाहेर पडताना डॉक्टर माझ्या शेजारी आला. त्याने अहवाल वाचलेला होता. मान्यता थांबवण्याच्या नोटिशीबरोबर त्याची प्रत त्याला मिळाली होती. काय लिहिले आहे आणि काय लिहिलेले नाही, दोन्ही त्याला ठाऊक होते.

“आवशीच्या रक्तदाबाच्या गोळ्यो संपल्ये असतीत रे,” तो म्हणाला. “सांजच्याक धाडून देतंय.” माझ्या आईच्या गोळ्या वर्षानुवर्षे त्याच्याकडूनच येत.

तेहेतीस वर्षांच्या नोकरीत मी खोटे बोलणारी पुष्कळ माणसे पाहिली. त्यांना पकडण्याच्या रीती आहेत. हेव्याने पेटलेला माणूस खोटे बोलतोच असे नाही. तो खरेच लिहितो आणि एक वाक्य गाळतो. ते पकडायची रीत मला कोणी शिकवली नव्हती. पुढच्या दोन वर्षांत ओळखीच्या माणसांची तीन प्रकरणे माझ्याकडे आली. तिन्ही मी त्याच दिवशी दुसऱ्याकडे दिली.

माझ्या जागी डॉक्टर असता तर त्याने ते वाक्य लिहिले असते, याची मला खात्री आहे. त्याचा मला आजही हेवा वाटतो.