हा ग्राहक अजून जन्मलेला नाही

बाईंच्या दुकानात धड पायाचा माणूस सहसा येत नसे. एक पाय आखूड, टाच वाकडी, बोटावर बोट चढलेलं, असले पाय घेऊन लोक येत आणि जोडे घालून जात. बाई चाळीस वर्षं हेच काम करत होत्या. लोकांचे चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत. रस्त्यात कुणी नमस्कार केला की त्या आधी खाली बघत आणि मग नावानिशी चौकशी करत.

पाय मापायचा, आकडे कॉम्प्युटरला द्यायचे. कॉम्प्युटर हिशेब करून कलबुताची मापं सांगायचा. कलबूत म्हणजे ज्यावर जोडा चढवतात तो लाकडी पाय. वय वाढतं तसा पाय संध्याकाळी जास्त सुजतो, म्हणून वयाप्रमाणे आत जागा सोडावी लागते. तेही कॉम्प्युटरच जन्मतारखेवरून बघायचा. हा प्रोग्राम बाईंच्या यजमानांनी लिहिला होता. ते पाणीपुरवठ्याच्या कचेरीत होते. सुट्टीच्या दिवशी पुस्तक समोर ठेवून त्यांनी तो दोन वर्षांत पुरा केला. आयुष्यात त्यांनी लिहिलेला हा एकच प्रोग्राम. त्यांना त्याचा अभिमान होता, आणि बाईंना तो चेपता आला होता.

कारण प्रोग्राम मापात हात आखडता घ्यायचा. त्याच्या आकड्यांवर केलेला जोडा सकाळी बसायचा आणि संध्याकाळी चावायचा. बाईंनी त्यावर उपाय शोधला होता. कलबुताच्या दोन्ही अंगांना चामड्याची एकेक पट्टी चिकटवायची, वर्षागणिक जराशी जाड. पट्ट्यांचा डबा कायम हाताशी असे.

"माणूस जसा, तसा त्याचा प्रोग्राम," बाई गिऱ्हाइकांदेखत म्हणत.

"तुला मापं घेता येत नाहीत, त्याला प्रोग्राम काय करणार?" यजमान म्हणत, आणि कानातलं यंत्र काढून खिशात ठेवत. यंत्र खिशात गेलं की भांडण संपलं. असं पंचवीस वर्षं चाललं.

एका सोमवारी जुना कॉम्प्युटर धूर सोडून बंद पडला. सुनेने नवा आणला. ती रुग्णालयात संगणक विभागात होती. नव्या कॉम्प्युटरने जुना प्रोग्राम उघडायला साफ नकार दिला. दुसरा घ्या, असं त्याचं म्हणणं होतं. अकराशे माणसांचे पाय त्या प्रोग्राममध्ये होते. त्यात एका पोस्टमनचे होते आणि त्यांची घाई होती. शनिवारी टपाल खात्याचा डॉक्टर त्यांना दुपारी दोन तास चालवून बघणार होता. नीट चालले तर टपाल वाटायची फेरी त्यांच्याकडे राहणार, नाहीतर उरलेली दोन वर्षं खिडकीमागे शिक्के मारायचे. त्यांचा डावा पाय दीड इंच आखूड होता. तरी ते खिडकीमागे बसायला तयार नव्हते. "खिडकीतून लोक मला पाकीट देणार. उलटं वाटतं," असं ते म्हणाले.

सुनेने मंगळवारी सुट्टी टाकली. जुन्या यंत्रातली तबकडी काढली, त्यातलं सगळं उतरवून घेतलं आणि सतरा प्रयत्नांनंतर प्रोग्राम चालू केला.

"काय केलंस ग?" बाईंनी विचारलं.

"नव्या कॉम्प्युटरच्या पोटात जुना कॉम्प्युटर असल्याचं सोंग उभं केलं. प्रोग्रामला वाटतं, तो घरीच आहे."

"त्याला सांगू नकोस मग."

तोच काळा पडदा, तीच हिरवी अक्षरं. फक्त त्याने बाईंना तारीख विचारली नाही. जुना रोज सकाळी विचारायचा. बाईंना कुणीतरी दार न वाजवता घरात शिरल्यासारखं वाटलं. पण काम होतं. त्यांनी पोस्टमनचे आकडे घेतले, कलबूत केलं, पट्ट्या चिकटवल्या, गुरुवारी जोडा तयार झाला.

पोस्टमननी तो घातला आणि दुकानात एक फेरी मारली. जोडा फेरी मारायला जरा मागे राहिला.

"बाई, हा जोडा मला घालून चाललाय की मी त्याला?"

बाईंच्या हातून चाळीस वर्षांत सैल जोडा गेला नव्हता. त्यांनी तडक सुनेला बोलावलं.

"तुझ्या सोंगाने आकडे बिघडवले."

"आई, प्रोग्राम तोच आहे. मी त्याच्या केसालाही धक्का लावला नाही." तिने पोस्टमनचे जुने छापील कागद मागवले आणि नव्या कागदाशेजारी मांडले. मग एका आकड्यावर बोट ठेवलं. "आई, यांचं वय इथे अठ्ठावन्न आहे."

"आहेच अठ्ठावन्न," पोस्टमन म्हणाले.

"गेल्या वर्षीच्या कागदावर तेहतीस. त्याच्या आधीच्यावर तेहतीस. सगळ्यांवर तेहतीस."

"माझी तक्रार नव्हती," पोस्टमन म्हणाले.

"आई, नवा तारीख आपणच घेतो. जुना कॉम्प्युटर तारीख विचारायचा तेव्हा तुम्ही काय टाकत होता?"

"तीन डिसेंबर एकोणीसशे नव्व्याण्णव."

"रोज?"

"रोज. नवं साल लागलं तेव्हा प्रोग्राम रुसला होता. जुनी तारीख टाकली, चालला. चालतंय त्याला कशाला हात लावायचा?"

कोपऱ्यातल्या खुर्चीवर यजमान पेपर वाचत होते. पेपर खाली आला.

"मी तो त्याच महिन्यात दुरुस्त केला होता. आता कुठलीही तारीख टाक, असं तुला सांगितलं होतं."

"मी बरं म्हणाले होते," बाई म्हणाल्या.

ते निवृत्तीनंतर रोज अकराला दुकानात येत. कॉम्प्युटर नऊला चालू होई. त्यामुळे पंचवीस वर्षं दुकानात तीन डिसेंबर होता, हे त्यांना कळायचं कारण नव्हतं.

"आणि लहान मुलांची मापं?" सुनेने विचारलं.

"ती मी हातानेच काढते. मुलांचे आकडे दिले की हा म्हणतो, हा ग्राहक अजून जन्मलेला नाही. मला वाटलं, यांचा विनोद आहे. यांचे विनोद तसेच असतात."

कुणी हसलं नाही. "म्हणजे पंचवीस वर्षं तो सगळ्यांना तरुण समजून जागा कमी सोडत होता; आता वय खरं आहे, पट्टी नको," सून म्हणाली.

शुक्रवारी बाईंनी नवं कलबूत घेतलं. कागदावरच्या आकड्यांबरहुकूम तासलं. मग डबा उघडला. पट्टी चिमटीत धरून त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. पट्टी लावली आणि सुनेचं खरं असलं, तर पोस्टमन उद्या जोड्यातून बाहेर पडणार. नाही लावली आणि खोटं असलं, तर तासाभरात लंगडणार. तिसऱ्या जोड्याला वेळ नव्हता. यजमान पेपर वाचत होते. पान मात्र सकाळपासून उलटलं नव्हतं.

बाईंनी पट्टी डब्यात टाकली आणि झाकण लावलं.

शनिवारी संध्याकाळी पोस्टमन जोडे घालूनच आले. बाईंनी आधी खाली बघितलं.

"चावला?"

"नाही."

"निसटला?"

"नाही. डॉक्टर माझ्याबरोबर चालत होते. दीड तासाने तेच म्हणाले, बसू या. फेरी राहिली माझ्याकडे."

ते गेले. बाईंनी पट्ट्यांचा डबा उचलून वरच्या फळीवर ठेवला. मग खुर्चीकडे न बघता म्हणाल्या, "आकडे बरोबर होते."

यजमानांनी कानातलं यंत्र काढलं, बघितलं, परत घातलं. "काय म्हणालीस?"

"आकडे बरोबर होते तुमचे."

"मोठ्याने बोल."

"ऐकू गेलंय तुम्हाला."

"नोंद करून ठेव. लोक विसरतात."

बाई कॉम्प्युटरसमोर बसल्या. पोस्टमनचं पान उघडलं. खाली शेरा लिहायला एकच ओळ होती. यजमानांनी ती मुद्दाम आखूड ठेवली होती, बाई फार लिहितील म्हणून. बाईंनी लिहिलं: आकडे बरोबर. पट्टी लावू नये.

यजमान मागे येऊन उभे राहिले. त्यांनी ओळ दोनदा वाचली.

"तारीख टाक," ते म्हणाले.

बाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं, आणि टाकली.