गालातलं पितळ

माझ्या उजव्या गालावर, डोळ्याच्या जरा खाली, एक बारीक वण आहे. लोक विचारतात, मी सांगते. लपवण्यासारखं मी काही केलेलं नाही.

बाबा रेल्वेत फिटर. अकोल्याहून बदली होऊन जयपूरला आले, खातीपुऱ्याला क्वार्टर मिळालं आणि आम्ही इथलेच झालो. आमच्या सगळ्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. त्याच कॉलेजात, एनसीसीत, मी पहिल्यांदा रायफल धरली. नोकरी लागल्यावर झोटवाड्याच्या पलीकडच्या एका शूटिंग रेंजची मेंबर झाले. रायफल क्लबची असायची, पॉइंट टू-टू बोअरची, माझ्याहून वयाने मोठी. त्या वर्षी राज्याच्या निवड चाचणीला क्लबकडून नावं जायची होती, आणि माझे नेम असे बसत होते की मला वगळायचं तर कारण शोधावं लागलं असतं.

कारण दसऱ्याने पुरवलं.

दसऱ्याला रेंजवर शस्त्रपूजा होते. कुंकू, फुलं, तेल, अक्षता, सगळं रायफलींवर. मी नव्हते. आम्ही बौद्ध, आमच्याकडे तो दिवस धम्मचक्र प्रवर्तनाचा. पांढरे कपडे, वंदना, आईच्या हातची खीर. पुढच्या रविवारी रेंजवर गेले तर रायफलीच्या दस्त्यावर कुंकू तसंच होतं आणि बोल्ट जड लागत होता. बोल्ट म्हणजे गोळी भरल्यावर नळी मागून बंद करणारा दांडा. तो नीट बसला नाही तर पुढचं सगळं बिघडतं.

मी रेंजच्या इन्चार्जना बोलावलं. "सर, बोल्ट अटक रहा है."

त्यांनी रिकामी रायफल घेतली, तळहाताने रेटून बोल्ट खाली दाबला. "तेल जम गया है, मैडम. पूजा की हुई बंदूक है, क्या बिगड़ेगा? चलाओ."

मी गोळी भरली, त्यांच्यासारखंच रेटून बोल्ट बंद केला, घोडा दाबला.

आवाज पुढे जायच्या ऐवजी माझ्या तोंडावर आला. गरम हवेचा फटका, आणि गालात काहीतरी सुईसारखं घुसलं. काडतूस मागच्या बाजूने फाटलं होतं. चष्मा होता म्हणून डोळा वाचला. मी रायफल नळी टार्गेटकडे ठेवूनच टेबलावर ठेवली, गालावर रुमाल दाबला आणि म्हणाले, "इसको कोई हाथ नहीं लगाएगा."

इन्चार्ज आले. रक्ताकडे बघितलं आणि मग सगळ्यांकडे. "झटका दिया होगा आपने." आणि जरा थांबून, "वैसे पूजा में आप आई नहीं थीं. हाथ तक नहीं जोड़े. शस्त्र भी पहचानता है, मैडम."

शेजारच्या लेनवरचा एक जण हसला.

काय पहचानतं, ते मला बरोबर कळलं. शाळेपासून कळतंय.

मी एका हाताने गाल दाबून दुसऱ्या हाताने बोल्ट काढला आणि उजेडात धरला. बोल्ट ज्या खाचेत बसतो तिच्यात तेल, कुंकू आणि चुरडलेला तांदूळ यांचा लगदा घट्ट बसला होता. एवढंच असतं तरी भागलं असतं. बोल्ट अर्धवट बंद असेल तर गोळी उडायलाच नको, त्यासाठी आत घोड्याला अडवणारी एक कड असते. ती कड झिजून गुळगुळीत झाली होती. तांदळाने बोल्ट अडवला, झिजलेल्या कडेने गोळी उडू दिली. मी सगळ्यांना दाखवलं. हसणारा आता बुटांकडे बघत होता.

डॉक्टरांनी गालातून काडतुसाच्या पितळेचा कपचा काढला. संध्याकाळी इन्चार्जचा फोन. "क्लब की इज्जत की बात है. रविवार को सबके सामने कह दीजिए, गलती आपसे हुई. नाम मैं खुद भेजूँगा."

आई म्हणाली, "म्हणून टाक ना बाई. दोन शब्दांनी तुझं काय झिजतं?"

बाबा म्हणाले, "तिचं नाही झिजणार. उद्या दुसऱ्याचा डोळा जाईल."

"तुम्ही गप्प बसा. चाचणीला पोरगी जाणार होती, तुम्ही नाही."

आईचंही खरं होतं. वर्षभर मी त्या एका नावासाठी पहाटे उठत होते.

रविवारी चहाच्या वेळी इन्चार्ज म्हणाले, "मैडम कुछ कहना चाहती हैं."

"हो," मी म्हणाले, आणि पुढचं हिंदीत, सगळ्यांना कळेल असं, सावकाश सांगितलं. बोल्ट अडकतोय हे मी आधी सांगितलं होतं. चालवा, असं तुम्ही म्हणालात. आत तांदूळ होते आणि कड झिजली होती. सण तुमचा आहे, पूजा खुशाल करा. पण नंतर रायफल उघडून पुसा. आणि हात मी जोडले नव्हते, पुढेही जोडणार नाही. काडतूस फाटतं ते त्याने नाही.

"तो फिर नाम नहीं जाएगा."

"मत भेजिए."

नाव गेलं नाही. वाईट वाटलं का? भरपूर. पण त्या रविवारी मी घरी निघून जावं अशी त्यांची अपेक्षा होती, ती मी पुरी केली नाही. मेंबर आहे मी. कपाटातून दुसरी रायफल घेतली, बोल्ट काढून खाच नखाने तपासली, नळी आभाळाकडे धरली. आरपार स्वच्छ दिसलं. मग माझ्या लेनवर नेम धरायला पालथी झाले आणि गोळी भरली.